पाळी, पाळणा आणि पुनर्वसन

डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपुरात भरलं की धंतोलीतल्या यशवंत स्टेडियमभोवतीचे रस्ते मोर्चेकऱ्यांनी भरून जातात. त्यांत अंगणवाडी सेविका असतात, आशा असतात, आणि धरणग्रस्तही असतात. धरणग्रस्तांच्या निवेदनाचा साचा आता सगळ्यांना पाठ झाला आहे: वाढीव मोबदला, प्लॉट, घरटी एकाला नोकरी आणि नव्या गावठाणात अठरा नागरी सुविधा. बाईच्या आरोग्याचा विषय त्यात आलाच तर ‘दवाखाना’ एवढ्या एका शब्दात आटोपतो. निवेदनं हातात घेऊन या बाया जिथे उन्हात बसतात, ती धंतोली म्हणजे नागपुरातल्या खासगी रुग्णालयांची सर्वांत दाट वस्ती. तिथे इतकी रुग्णालयं झाली आहेत की पार्किंगच्या त्रासापायी इथल्या रहिवाशांना उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जावं लागलं. याच भागाला लागून वाहणारी नाग नदी शहराचं सांडपाणी घेऊन कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि ते पाणी गोसीखुर्दच्या जलाशयात साचतं. नागपूरचं मैलापाणी बुडीत गावांपर्यंत विनासायास जातं. नागपूरची डॉक्टरकी तिथवर जायला मात्र तीस-पस्तीस वर्षं कमी पडली.

उठवलेल्या, उठून आलेल्या किंवा पोटासाठी दरवर्षी उठणाऱ्या बायकांना प्रजनन आरोग्य शिकवण्याचे प्रयत्न आपल्याकडे कुठे झाले, त्यांतलं काय लागू पडलं आणि काय नुसतं कागदावर राहिलं, हे इथे पाहायचं आहे. खास विस्थापितांसाठी म्हणून झालेलं काम थोडंच. बरंचसं ग्रामीण आरोग्याच्या कामातून उसनं घेतलेलं. पण जेवढं झालं तेवढ्यावरून मला एवढं ठामपणे वाटतं, की शिकवणं म्हणजे माहिती देणं ही समजूत पहिल्यांदा सोडावी लागते. उठवलेल्या गावातल्या बाईला माहिती कमी असते, हे खरंच. पण तिची खरी हानी निराळी आहे. जिला विचारावं अशी माणसं तिच्याजवळून गेलेली असतात आणि जिथे जावं ती वाट मोडलेली असते. ही दोन्ही परत उभी न करता भरवलेला वर्ग म्हणजे सतरंजी, चहा आणि हजेरीपट.

विदर्भात विस्थापित म्हणजे कोण, याची यादी वाटते त्याहून लांब आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंध्यांचं जरीपटका आज शहराचाच भाग झालं. पूर्व बंगालातून आलेली कुटुंबं गडचिरोली जिल्ह्यात मुलचेरा, चामोर्शीच्या परिसरात वसवली गेली. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावला तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग वसाहत १९७२ पासून आहे. मग धरणं, कोळसा खाणी, व्याघ्र प्रकल्पातून बाहेर काढलेली गावं. छत्तीसगड आणि बालाघाटकडून नागपूरभोवतालच्या वीटभट्ट्यांवर येणारी जोडपी. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा एका रात्रीत बेघर झालेली नागपूरकर कुटुंबंही यातच धरायला हवीत. सरकारी दफ्तरात या प्रत्येकासाठी वेगळं खातं आहे: निर्वासित, प्रकल्पग्रस्त, आपद्‌ग्रस्त, स्थलांतरित मजूर. निधी वेगळा, अधिकारी वेगळा. या सगळ्यांत तिबेट्यांचं त्यातल्या त्यात बरं, कारण त्यांच्या निर्वासित प्रशासनाचा स्वतःचा आरोग्य विभाग आहे आणि तो वसाहतींमध्ये दवाखाने चालवतो. परदेशातून आलेल्यांना आपला आरोग्य विभाग आहे, आणि पन्नास किलोमीटरवरून उठवलेल्यांना नाही!

गोसीखुर्दचं उदाहरण जवळचं म्हणून थोडं थांबून पाहू. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं, तेव्हा खर्चाचा अंदाज ३७२ कोटींचा होता. २००९ मध्ये गोसीखुर्द राष्ट्रीय प्रकल्प ठरला. भूमिपूजनाच्या वर्षी जी मुलगी पाच वर्षांची होती, तिची पाळी येणं, लग्न, बाळंतपणं आणि बहुतेक नसबंदीचं ऑपरेशनही धरणाची वाट पाहण्यातच उरकलं. बुडीत क्षेत्र जाहीर झालेल्या गावात नवी इमारत मंजूर करायला कोणतंही खातं राजी नसतं. ‘गाव उठणारच आहे’ या उत्तरावर उपकेंद्र, रस्ता, पाण्याची टाकी सगळंच अडकतं. पुनर्वसनाच्या चर्चेत हा वाट पाहण्याचा काळ कुणी मोजत नाही. बाईच्या बाबतीत तो नेमका तिच्या प्रजननक्षम वर्षांवर पडतो.

आणि गाव उठल्यावर? कुही, भिवापूर, पवनी या तालुक्यांतली नवी गावठाणं पाहिली तर सरळ रेषेतले रस्ते, आखलेले प्लॉट, मधोमध समाजमंदिर. नकाशा नीटनेटका. पण जुन्या गावात पाळीचे कपडे धुवायला नदीचा आडोसा होता, वाळवायला वाडग्याचं कुंपण होतं, बसायला ओळखीचा पार होता. नवीन ठिकाणी नळ दारासमोर आणि दार रस्त्यावर. काकू एका गावठाणात, नणंद दुसऱ्या, सुईण मोबदला घेऊन मुलाकडे शहरात. पांढरं जातं, ओटीपोटात दुखतं, पाळी दोन महिने चुकली, या गोष्टी कुणाच्या कानात सांगायच्या हे ठरायलाच काही वर्षं जातात. तोवर पॅड कुठे टाकायचं, हा प्रश्न नालीच सोडवते.

बायका बोलत नाहीत, असं म्हणणाऱ्यांना गडचिरोलीने फार पूर्वी उत्तर दिलेलं आहे. मूळच्या चंद्रपूरच्या आणि नागपूरच्या मेडिकलमध्ये स्त्रीरोगशास्त्र शिकलेल्या डॉ. राणी बंग यांनी डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांसह वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ते संशोधन छापून आलं. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं, सरासरी प्रत्येकीला साडेतीनाहून अधिक व्याधी होत्या, आणि आधी कधीतरी आतून तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. त्याहून बोलकी गोष्ट अशी की निम्म्याहून थोड्या अधिक बायकांनीच तक्रार सांगितली होती. उरलेल्या ‘काही त्रास नाही’ म्हणाल्या, आणि तपासल्यावर त्यांच्यातही रोग सापडले. अंगावर काढायची सवय इतकी मुरलेली, की त्रास हा त्रास वाटेनासा होतो. तोवर सरकारच्या लेखी बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि ऑपरेशनचं उद्दिष्ट. बाळंतपणाबाहेरही बाईला गर्भाशय असतं, हे आकड्यानिशी दाखवणाऱ्या पहिल्या अभ्यासांपैकी हा होता. १९९४ च्या कैरो परिषदेत जगाने लोकसंख्या नियंत्रणाची भाषा मागे ठेवून प्रजनन आरोग्याची भाषा उचलली. त्या वळणामागच्या पुराव्यात गडचिरोलीच्या या दोन खेड्यांचा वाटा आहे.

इथे शिकवण्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो क्रम. आधी ऐकलं, मग तपासलं, उपचार केले, आणि त्यातून शिकवणं आलं. गावातल्याच सुईणी आणि आरोग्यदूत हे पुढचे शिक्षक ठरले. राणीताईंचं ‘कानोसा’ हे पुस्तक या ऐकण्यातूनच उभं राहिलं आहे. आणि लक्षात घ्या, वसा-अमिर्झा ही स्थिर, नांदती गावं होती. तिथे ही परिस्थिती, तर ज्यांचं गावच हललं त्यांचं काय असेल? तशी मोजणी करणं कठीण नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण जिल्हा पाहतं, जात पाहतं, शिक्षण पाहतं, पण घर धरणात गेलं का हे विचारत नाही. महाराष्ट्राचा मातामृत्यूचा दर २०१८ ते २० या काळात लाख जिवंत जन्मांमागे ३३ वर आला, देशात उत्तम राज्यांच्या रांगेत. सरासरी जितकी देखणी, तितके तिच्या आड लपणारे गट अधिक.

ज्या बाईला अक्षरओळख नाही तीही उत्तम आरोग्यशिक्षिका होते, हे जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० पासून दाखवून दिलं. पुरंदर तालुक्यात ‘मासूम’ संस्थेने ‘सदाफुली’ कार्यकर्त्यांच्या हाती स्पेक्युलम आणि आरसा दिला. आपलं शरीर आपण बघायचं, निरोगी कसं दिसतं ते ओळखायचं, मग बिघडलेलं कळतं. चाळीस स्लाइड्सच्या व्याख्यानापेक्षा त्यातला एक तास मोलाचा, असं माझं मत. अर्थात नव्या गावठाणात थेट इथून सुरुवात करू म्हटलं तर जमणार नाही. त्याला आधी एकमेकींचा विश्वास लागतो, आणि नेमका तोच उठवताना विस्कटलेला असतो.

तो विश्वास पुन्हा कसा जुळतो याचा धडा मराठवाड्यात आहे, आणि तो आरोग्याच्या नावाने सुरूच झाला नव्हता. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी हलवली. ती आखलेली गावं जुन्या गावांच्या कित्येक पट पसरलेली होती, आणि शेजारीण हाकेच्या अंतरावर न राहिल्याची तक्रार बायकांनी केलीच. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ संस्थेच्या पुढाकाराने पुनर्बांधणीत गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलं गेलं. त्यांचं काम होतं घरबांधणीची माहिती लोकांना देणं, हप्ता आला का पाहणं, भूकंपरोधक बांधकाम नीट होतंय का यावर नजर ठेवणं. सिमेंटच्या गोणी मोजणाऱ्या बाईचा गावात शब्द चालू लागला. पुढे बचतगटांचं जाळं झालं आणि त्यातून आरोग्याची कामंही उभी राहिली. मला यातलं मर्म असं दिसतं: विस्थापित वस्तीत बाईला आधी घराच्या, पाण्याच्या, रकमेच्या प्रश्नावर अधिकार मिळाला, तर पांढऱ्या पाण्याच्या प्रश्नावर तिचं ऐकणारं कुणीतरी असतं. उलटा क्रम लावला तर ती ‘पाळीवाली बाई’ होते आणि पुरुष दारातूनच हसतात.

आपत्तीनंतरच्या शिकवणीत आणखी एक अवघड प्रश्न येतो आणि आपल्या तक्त्यांत तो सापडत नाही. महाराष्ट्रात कुटुंबनियोजन म्हणजे बाईची नसबंदी. २०१९ ते २१ च्या सर्वेक्षणात जवळजवळ निम्म्या विवाहित बायकांचं ऑपरेशन झालेलं होतं, पुरुषांची नसबंदी अर्धा टक्काही नव्हती. मग भूकंपात, पुरात मुलं गेली तर? २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत हा प्रश्न इतक्या आयांनी विचारला की राज्य सरकारने नळ्या पुन्हा जोडण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च उचलला. ऑपरेशन उलटवता येतं का, कुणाला येतं, यश किती, हे सांगणारं माणूस मदत छावणीत असायला हवं. एरवी तिथे डॉक्टरच्या आधी मांत्रिक पोहोचतो. तांबी, ‘अंतरा’ इंजेक्शन, ‘छाया’ गोळी हे पाळणा लांबवायचे उपाय सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. त्यांची ओळख करून देताना दर तीन महिन्यांनी ‘अंतरा’ कुठे घ्यायचं, हेही सांगावं लागतं. वीटभट्टीवरची बाई कार्तिकात नागपूरजवळ असते आणि आषाढात छत्तीसगडात. पहिली सुई इथली, दुसरी कुणाची?

मेळघाटातली गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातली कोरकू गावं २००० नंतर टप्प्याटप्प्याने बाहेर हलवली, त्यातली बरीचशी अकोला जिल्ह्यातल्या अकोट तालुक्यात. पॅकेज कुटुंबामागे दहा लाख रुपये, पुढे पंधरा लाख. डोंगरातून सपाटीवर, अमरावती जिल्ह्यातून अकोल्यात, आणि जंगलातून कपाशीच्या शेतात. वरवर पाहता आरोग्यसेवा जवळ आली, कारण अकोट शहर जवळ. पण धारणी आणि चिखलदरा हे अनुसूचित क्षेत्रातले तालुके. आदिवासी भागात तीन हजार वस्तीमागे उपकेंद्र आणि वीस हजारांमागे प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे. सपाटीवर तो पाच हजार आणि तीस हजार होतो. आदिवासी भागासाठीच्या नवसंजीवनीसारख्या योजनांचं कवच भूगोलाला चिकटलेलं असतं, माणसाला नाही. कोरकू बाई हलली, कवच डोंगरातच राहिलं. भाषाही राहिली. अकोटच्या दवाखान्यातली परिचारिका वऱ्हाडी बोलणार आणि कोरकू बाई मान हलवणार. जानेवारी २०१९ मध्ये पुनर्वसित गावकरी परत जंगलातल्या आपल्या जुन्या जागी गेले आणि वनखात्याशी त्यांचा मोठा संघर्ष झाला. त्यांच्या गाऱ्हाण्यांत जमिनीच्या जोडीने आजारपण, मृत्यू आणि दवाखान्याची गैरसोय हेही होतं. आरोग्यशिक्षणाचा आढावा घेताना हे परत जाणं मला फार महत्त्वाचं वाटतं. लोकांनी दिलेला तो अभिप्राय होता.

नंदुरबारकडे सरदार सरोवराच्या बुडितात अक्कलकुवा आणि धडगावची ३३ गावं आली. काही कुटुंबं तळोद्याकडच्या वसाहतींत गेली, काही वर डोंगरावर सरकून जलाशयाकाठीच राहिली. त्यांच्यासाठी बोटीवरचा दवाखाना आला. पाण्याने रस्ता बुडवला, म्हणून पाण्यावरून दवाखाना, ही कल्पना चांगलीच. पण बाळंतपणाच्या कळा बोटीच्या वेळापत्रकाने येत नाहीत. अशा पाड्यावर धोक्याची चार लक्षणं (अंगावरून खूप जाणं, झटके, फणफणून ताप, बारा तासांहून जास्त कळा) घरातल्या प्रत्येक माणसाला, पुरुषालासुद्धा, पाठ असणं हे बाकी सगळ्या शिकवणीच्या आधी येतं. कारण बोट बोलवायला फोन घेऊन टेकडीवर तोच चढतो.

आता बीड. ऊसतोडीला जाणाऱ्या बायका कायद्याने विस्थापित नाहीत, पण वर्षातले पाच-सहा महिने फडात, कोपीत काढणारीला दुसरं काय म्हणायचं? नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, खाडा केला तर दंड. पाळीत पोट दुखलं तरी मोळी उचलावीच लागते. अशात ‘पिशवी काढून टाक, कटकट मिटेल’ हा सल्ला शेजारणीकडून, मुकादमाकडून आणि काही दवाखान्यांतूनही मिळत गेला. २०१९ मध्ये हा विषय देशभर गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. सहांतली एक. त्याच काळातल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांमागे हे प्रमाण तीनच्या आसपास होतं. नंतर जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखणारी मार्गदर्शक तत्त्वं राज्यांनी राबवावीत असा आदेश दिला.

बीडचा धडा शिकवणाऱ्यांनाच अडचणीत आणतो. तिथे बायका अडाणी होत्या म्हणून पिशव्या गेल्या, असं म्हणणं सोयीचं आहे. पण त्यांना कॅन्सरची भीती ‘शिकवली’ गेली होती. आरोग्याची माहितीच त्यांच्याविरुद्ध वापरली गेली. सोनोग्राफीच्या कागदावर बोट ठेवून ‘गाठ होईल’ असं डॉक्टरने सांगितलं की सातवी शिकलेल्या बाईने प्रतिवाद काय करायचा? म्हणून विस्थापितांसाठीच्या शिकवणीत माझ्या लेखी पहिला पाठ नकाराचा असावा. पांढऱ्या पाण्यावर आधी औषध असतं, पिशवी काढणं हा शेवटचा उपाय आहे, दुसऱ्या डॉक्टरला विचारायचा हक्क आहे, आणि तिशी-पस्तिशीत पिशवीबरोबर अंडाशयही काढलं तर हाडं, हृदय, झोप सगळ्यांवर परिणाम होतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची खरी भीती असेल तर त्यावर तपासणी आहे. देशात तिशी ते पन्नाशीतल्या शंभर बायकांत जेमतेम दोघींची ती झालेली असते. भीती घरोघर पोहोचली, तपासणी पोहोचली नाही.

जगात यावर विचार झालेला नाही असं नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यावर निर्वासितांच्या छावण्यांत अन्न, पाणी, तंबू असतात पण बाईसाठी काही नसतं, हे उघडपणे बोललं गेलं. त्यानंतर संयुक्त राष्ट्रांच्या संस्था आणि स्वयंसेवी संघटनांनी मिळून आणीबाणीत द्यायच्या प्रजनन आरोग्यसेवांचं किमान पॅकेज ठरवलं. पहिल्या ४८ तासांत काय सुरू व्हावं, जबाबदार संस्था कोणती, बलात्कारपीडितेला काय द्यावं, स्वच्छ प्रसूतीची किट कुठे ठेवावी, सगळं त्यात आहे. २०१८ च्या सुधारणेत नको असलेली गर्भधारणा टाळणं हेही स्वतंत्र उद्दिष्ट झालं. २०१७ नंतर बांगलादेशात कॉक्स बाजारच्या रोहिंग्या छावण्यांत ते वापरलं गेलं, तेव्हा सात लाखांहून अधिक माणसं काही महिन्यांत आली होती. हे पॅकेज चांगलं आहे, पण आपल्या कामाला अर्धंच येतं. ते पहिल्या ४८ तासांसाठी लिहिलेलं, आणि आपल्याकडचं विस्थापन तीस वर्षं चालतं. गोसीखुर्दला आणीबाणी कधी जाहीर झालीच नाही.

कायद्यातही हीच फट दिसते. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ मध्ये सुधारणा झाली. काही विशेष परिस्थितीतल्या बायकांना वीस ऐवजी चोवीस आठवड्यांपर्यंत मुभा मिळाली. नियमांतल्या त्या यादीत बलात्कारपीडिता, अल्पवयीन, विधवा किंवा घटस्फोटित झालेली, अपंग यांच्याबरोबर ‘शासनाने जाहीर केलेल्या आपत्ती किंवा आणीबाणीच्या परिस्थितीतली स्त्री’ हेही कलम आहे. म्हणजे पुरात अडकलेलीला, जाहीर झालं तर, ही मुदत लागू होऊ शकते. धरणाने उठवलेलीला किंवा फडावर असताना चार महिने डॉक्टर न दिसलेलीला होत नाही. ही माहिती आशांच्या प्रशिक्षणात क्वचितच येते. गर्भपात कायदेशीर आहे हेच अनेक बायकांना ठाऊक नसतं. गर्भलिंग तपासणीच्या विरोधातली भित्तिपत्रकं वाचून गर्भपातच गुन्हा असा समज झालेला असतो.

विदर्भात शिकवायचं तर तक्त्यावर एक विषय वाढवावाच लागतो, सिकलसेल. १९५८ साली नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं होतं. म्हणजे नागपूरला हे साठ-पासष्ट वर्षांपासून माहीत आहे. आदिवासी आणि अनुसूचित जातींच्या वस्त्यांत त्याचं प्रमाण मोठं, आणि धरणांनी, खाणींनी, अभयारण्यांनी उठवलं तेही बहुतांश याच समाजांना. इथल्या बाया ‘एएस पॅटर्न’ (वाहक) आणि ‘एसएस पॅटर्न’ (रोगी) हे शब्द सहज बोलतात. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल सिकलसेलग्रस्त निघण्याची शक्यता चारांत एक. ‘प्रत्येक’ हा शब्द ठसवावा लागतो, कारण पहिलं मूल आजारी निघालं म्हणजे पुढची तीन सुटली, असा हिशेब लोक करतात. एसएस असलेल्या बाईचं गरोदरपण जोखमीचं असतं, तिचं बाळंतपण रक्ताची सोय असलेल्या ठिकाणीच व्हायला हवं. पुनर्वसनात जुनी सोयरीक तुटते, नव्या गावठाणांत अनोळखी घरांशी सोयरिकी जुळू लागतात. अशा वेळी लग्नाआधी तपासणी सांगायची, पण वाहक मुलीच्या कपाळावर शिक्का न बसेल अशी. हे काम पत्रक वाटून होत नाही. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ ला सुरू झाली, कार्डं वाटली जात आहेत. कार्ड वाचून दाखवणारी बाई वस्तीत असेल तरच ते पेटीतून बाहेर येईल.

पुरुषांना शिकवल्याशिवाय यातलं काही टिकत नाही, हे आता सगळे म्हणतात, करतात थोडे. बंग दांपत्याच्या ‘सर्च’ संस्थेच्या ‘तारुण्यभान’ शिबिरांत मुलगे आणि मुली दोघांशी मोकळेपणाने बोललं जातं, आणि ही पद्धत पुनर्वसित गावांच्या शाळांत नेता येण्याजोगी आहे. बाकी ठिकाणी पुरुषांचा वर्ग म्हणजे एड्सवरचं अर्ध्या तासाचं भाषण.

धंतोलीजवळच सीताबर्डीत मातृसेवा संघ आहे. कमलाताई होस्पेट यांनी १९२१ मध्ये वेणूताई नेने यांच्यासह तो सुरू केला. त्याच वर्षी मुंबईत र. धों. कर्व्यांनी संततिनियमनाचं केंद्र उघडलं. एकीकडे बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून झगडणारी परिचारिका, दुसरीकडे ते नको असेल तर टाळता यावं म्हणून भांडणारा प्राध्यापक. शंभर वर्षांनंतरही आपली सरकारी यंत्रणा यातलं पहिलं बऱ्यापैकी करते आणि दुसरं उद्दिष्टाच्या रकान्यात टाकते. कमलाताईंच्या कामातला धागा आज उचलण्यासारखा आहे तो परिचारिका आणि प्रसाविका घडवण्याचा. विस्थापित वस्तीतल्याच मुलीला प्रशिक्षण देऊन त्याच वस्तीत नेमणं, कोरकू मुलगी कोरकू गावात, बंगाली मुलगी मुलचेऱ्यात. धंतोलीतल्या रुग्णालयांना समाजकार्य म्हणून वर्षातून एकदा शिबिर घेण्यापेक्षा अशा दहा मुलींचं शिक्षण उचलणं स्वस्त पडेल.

मग पैसा कुठून? आशा हजार लोकसंख्येमागे एक, आणि तिच्या कमाईचा काही भाग कामागणिक मोबदल्याचा: प्रसूती दवाखान्यात नेली, लसीकरण पुरं केलं, नसबंदीला नेलं. दोन तास बसून एकीचं ऐकलं, याला दर नाही. गाव हलताना लोकसंख्या दोन-तीन गावठाणांत विभागली गेली, की आशा एकीकडे आणि तिची नोंदवही दुसरीकडे. कार्ड जुन्या उपकेंद्राचं असतं, नव्या ठिकाणी त्यावरच्या नोंदी नव्याने सिद्ध कराव्या लागतात. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत पुनर्वसित गावापासून दोन किलोमीटरच्या आत उपकेंद्र हवं, असं लिहिलेलं आहे. इमारत मागता येते, तिच्यातलं माणूस मागायचं कलम नाही. मला शक्य वाटणारा मार्ग किल्लारीचाच आहे. गाव हलण्याआधी दोन वर्षं आणि हलल्यानंतर निदान आठ-दहा वर्षं, पुनर्वसनाच्या निधीतूनच मानधन घेणाऱ्या त्या गावच्या दोन बाया नेमायच्या. या दोघी घरांची यादी करतील, पाण्याची तक्रार लिहितील आणि गरोदर बायांची नोंदही ठेवतील. विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळ गावठाणं बांधतं आणि पुढे ती ग्रामपंचायतीकडे, जिल्हा परिषदेकडे हस्तांतरित होतात. त्या हस्तांतरावरून वर्षानुवर्षं वाद चालतात, कारण अर्धवट नाली, बंद नळयोजना कुणी ताब्यात घ्यायची हा प्रश्न असतो. त्या वेळी रस्ता, विहीर, शाळाखोली मोजून घेतली जाते. गरोदर बायांची नोंदवही, आशेची नेमणूक आणि सिकलसेल तपासणीचे अहवाल मोजून घेण्याचं कलम त्या यादीत घालायला शासन निर्णयाचं एक पान पुरेल, आणि त्याला नवा निधीही लागणार नाही.